राजाचा श्वास

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज १९४८ पर्यंत हिंदुस्थानचेही सम्राट म्हणवले जात. आपल्याकडे त्यांची ओळख उरली ती जुन्या रुपयावरील छापापुरतीच. १४ डिसेंबर १८९५ रोजी जन्मलेला हा राजपुत्र बोलताना अडखळत असे. १९२५ मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनात त्यांनी केलेले भाषण त्यांना आणि श्रोत्यांनाही असह्य झाले. पुढच्या वर्षी लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन उपचारकाने त्यांना पोटातून खोल श्वास घ्यायला शिकवले. नेमाने सराव करून त्यांनी श्वासावर ताबा मिळवला. थोरल्या बंधूंनी गादी सोडल्याने १९३६ मध्ये, मनात नसतानाही, ते राजे झाले आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाची वार्ता त्यांनी स्वतः नभोवाणीवरून प्रजेला सांगितली.

मात्र ज्या फुफ्फुसांना त्यांनी इतक्या कष्टाने वळण लावले, त्यांतच ते वर्षानुवर्षे सिगारेटचा धूर भरत राहिले. घराण्याला हे नवे नव्हते. आजोबा सातवे एडवर्ड आणि वडील पाचवे जॉर्ज हे दोघेही अट्टल धूम्रपानी; दोघांनाही श्वासनलिकेच्या जुनाट दाहाने गाठले होते. धुरामुळे श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, कफ साचतो, नळ्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात. जोराने फुंकर मारल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा वयोमानाने सर्वांचीच घटते. अनेक धूम्रपान करणाऱ्यांची ती कितीतरी वेगाने घटते. सिगारेट सोडली की ही घसरण मंदावते, पण झिजलेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत.

सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा डॉल व हिल यांचा निबंध सप्टेंबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. बरोबर वर्षभराने, २३ सप्टेंबर १९५१ रोजी, बकिंगहॅम राजवाड्यातच शल्यविशारद क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी राजांचे डावे फुफ्फुस काढून टाकले. निदान कर्करोगाचे होते. ते प्रजेपासून आणि खुद्द राजांपासूनही लपवण्यात आले. (प्राइस थॉमसही सिगारेटचे शौकीन. पुढे त्यांनाही हाच रोग झाला.)

नाताळचा संदेश राजे एरवी थेट प्रक्षेपित करीत. १९५१ साली मात्र तो तुकड्यातुकड्यांनी आधीच ध्वनिमुद्रित करावा लागला, कारण सलग बोलण्याइतका दम आता उरला नव्हता. वाक्यांमधील विराम पूर्वी जिभेमुळे पडत, आता ते श्वासामुळे पडत होते.

६ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे, सँड्रिंगहॅम येथे, हृदयात रक्ताची गुठळी होऊन झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५६. ज्येष्ठ कन्या एलिझाबेथ तेव्हा केनियात होत्या. आदल्याच दिवशी राजे शिकारीला जाऊन आले होते.