देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा ६१७४

देवळाली म्हटलं की कुणाला लष्कराची छावणी आठवते, तर कुणाला रेल्वे स्टेशन. पण जगभरातले गणितवाले नाशिक जिल्ह्यातलं हे गाव ओळखतात ते एका शाळामास्तरामुळे आणि त्यांच्या ६१७४ या आकड्यामुळे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. त्यातल्या आकडेमोडीतूनच पोराला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं, १९२९ ला पदवी घेतली. पुढची मोठी डिग्री काही घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत पोरं शिकवली.

शाळा सुटली की गुरुजी कागद-पेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळत बसायचे. त्यातूनच हा आकडा सापडला. तुम्हीही करून बघा. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. आपण दुष्काळाचं साल घेऊ, १९७२. अंक मोठ्याकडून लहान लावले की ९७२१, उलटे लावले की १२७९. वजाबाकी ८४४२. आता ८४४२ चंही तसंच करा. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वेळी ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, परत ६१७४च! गाडी इथंच थांबते. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावायचं. कुठूनही निघा, सात वजाबाक्यांच्या आत-बाहेर नाही, सातापर्यंत ६१७४ येतोच.

यात जादू नाही, हिशेब आहे. पहिल्या वजाबाकीचं उत्तर दोनच फरकांवर ठरतं : सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांचा फरक, आणि मधल्या दोन अंकांचा फरक. म्हणून हजारो आकड्यांतून पहिल्याच पायरीला फक्त ५४ उत्तरं उरतात. त्या सगळ्यांच्या वाटा ६१७४ ला मिळतात. याच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने त्याला पूर्ण भाग जातो. अशा आकड्यांना हर्षद हे नाव गुरुजींनीच दिलं.

१९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी हा पोरखेळ समजून दुर्लक्ष केलं. गुरुजींनी पदरमोड करून छोटी पुस्तकं छापली, काम सोडलं नाही. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी एका मोठ्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगात नाव झालं. तोवर सत्तरी आली होती. १९८६ मध्ये गुरुजी गेले. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आपल्याकडे किती पोरं गणिताच्या धाकाने शाळेला कंटाळतात. अशा पोराला घरच्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे चार आकडे घ्यायला सांगा आणि वजाबाकी करायला बसवा. नुसत्या वजाबाकीवर त्याला ६१७४ गाठता येईल, आणि तो शोधणारा माणूस आपल्याच मुलखातला शाळामास्तर होता, हेही त्याला कळेल.