अँटवर्पच्या पावसात धावलेले बेळगावकर

हीरक महोत्सवी अंकात आपल्या परिसरातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव. नाव कानडी वळणाचे, आडनाव मराठी मुलखात घरोघरी आढळणारे. सीमेवरच्या बेळगावची साक्षच जणू. मात्र आठवी-नववीच्या वर्गात हे नाव विचारले तर किती हात वर होतील, याची शिक्षिका म्हणून मला शंका आहे.

चौगुले यांचा जन्म १९०२ सालचा. त्या काळी धावणे हा आपल्याकडे खेळ म्हणून फारसा रुजलेला नव्हता. शेतावर, वाटेवर, जत्रेला माणसे चालत आणि धावत. घड्याळ लावून धावण्याची कल्पना नवी होती. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली आणि दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतील तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, आधुनिक नियमांची माहिती नाही, पायांत बूट नाहीत, तरीही त्यांतील काहींची वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीची होती. या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे, असे दोराबजींच्या मनाने घेतले. त्यांनी स्वतः पैसे घातले, इतरांकडून मिळविले, आणि १९२० मध्ये चार धावपटू व दोन मल्ल असे सहा जणांचे पथक बोटीने युरोपला निघाले. आपली ऑलिंपिक संघटना तेव्हा अस्तित्वातही नव्हती. ती १९२७ ची. त्या सहांत चौगुले होते. वय अवघे अठरा, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलांएवढे.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. माझे माहेर तंजावर जिल्ह्यातील पापनाशमचे. कावेरीच्या खोऱ्यातील त्या गावी गारठा म्हणजे मार्गळी महिन्यातील पहाटेचा हलका गारवा, एवढीच आमची समजूत. लग्न होऊन बेळगावी आले आणि आषाढातल्या येथील झडीने पहिल्याच वर्षी मला हुडहुडी भरविली. उत्तर युरोपातील पावसाळी दिवस एका बेळगावकर तरुणाच्या अंगाला कसा लागला असेल, हा विचार मला म्हणूनच पुनःपुन्हा छळतो. आपला पाऊस गार असला तरी त्यात फार वेळ उघड्यावर राहावे लागत नाही. कौलाखाली शिरावे, चुलीपाशी बसावे. मॅरेथॉनमध्ये कौल नाही आणि चूलही नाही.

बेल्जियम नुकतेच महायुद्धातून सावरत होते. अँटवर्पचे मैदान घाईने उभारलेले, धावपट्टी पावसाने जड झालेली. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉनच्या दिवशीही हवा थंड होती आणि पाऊस लागला होता. त्यात अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन. थंड पावसात दीर्घ धावणाऱ्याची अडचण दुहेरी असते. भिजलेले कपडे आणि वारा अंगातील ऊब ओढून घेतात, आणि दमून वेग मंदावला की शरीरात नवी ऊबही कमी निर्माण होते. स्नायू आखडतात, बोटे बधिर होतात, पाऊल जड पडते. फिनलंड, एस्टोनिया येथील गड्यांना ही हवा लहानपणापासून ओळखीची. पहिला आला तो फिनलंडचा हान्नेस कोलेह्मायनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत, त्याच्यामागे केवळ तेरा सेकंदांनी एस्टोनियाचा युरी लॉसमन. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरिओ अर्रीने शेवटची रेषा ओलांडताच आनंदाने कोलांट्या मारल्या.

चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. गणिताच्या तासाला मुलांना हे उदाहरण मी मुद्दाम घालते: दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे, आणि असे सलग बेचाळीस किलोमीटरांहून अधिक. विजेत्यापेक्षा सुमारे अठरा मिनिटे मागे, हे खरेच. पण ज्याने ही हवा आणि हा देश त्याच उन्हाळ्यात प्रथम पाहिला, त्याच्या एकोणिसाव्या क्रमांकाला हुकलेले पदक म्हणणे मला मान्य नाही. पुढे १९२४ मध्ये पॅरिसला महादेव सिंग एकोणतिसावे आले. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे येईपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे, ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये कोणाही भारतीयाला चौगुले यांच्या पुढे जाता आले नाही. त्याच पथकातील मल्ल रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. त्यांचेही नाव आपण क्वचितच घेतो.

चौगुले १९५२ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिक भरले. मैदानावरची ज्योत पावो नुर्मी यांनी चेतविली आणि मनोऱ्यावरची ज्योत चेतविण्याचा मान साठीतल्या कोलेह्मायनेन यांना मिळाला. बत्तीस वर्षांपूर्वी अँटवर्पच्या पावसात चौगुले यांच्या पुढे धावले होते ते हेच. आणि त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले.