लोकमान्यांची न झालेली सही

विलेपार्ल्याच्या टिळक मंदिरात व्याख्यानाला गेलो की एक प्रश्न हटकून मनात येतो. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात निवर्तले आणि पुढच्या तीन वर्षांत, १९२३ साली, पार्लेकरांनी लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. ज्यांच्याजवळ ना गादी होती, ना सरकारी अधिकार, अशा माणसाने लोकांच्या मनात एवढे घर कसे केले?

टिळकांनी लोकांना त्यांच्याच भाषेत गाठले. ‘केसरी’ १८८१ साली निघाला. १८९३ पासून घरातला गणपती चौकात आला. १८९६ च्या दुष्काळात शेतसारा सुटीचे नियम काय आहेत, सरकारकडून काय मागता येते, हे त्यांनी शेतकऱ्यांना समजावून दिले. १९०८ साली त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस! यांतल्या कितीकांना ‘केसरी’ वाचताही येत नसेल. १९१६ साली साठाव्या वाढदिवसाला लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली, ती त्यांनी स्वराज्याच्या कामाला देऊन टाकली.

ही झाली जमेची बाजू. पण आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला खर्चाची बाजू झाकता येत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. १९१७ साली अथणीच्या सभेत, कायदेमंडळात जागा मागणाऱ्या कष्टकरी जातींची त्यांनी थट्टा केली. ज्यांना लोक तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी म्हणत, त्यांनीच!

मार्च १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारण परिषद भरली. टिळक तिथे गेले, अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले, टाळ्या घेतल्या. नंतर, आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या घ्यायची वेळ आली. टिळकांनी सही केली नाही.

शब्द कितीही मोठा असो, खाली सही नसेल तर कागद वटत नाही, हे बँकेत शिपायालाही ठाऊक असते. गिरणी कामगारांनी सहा दिवसांची मजुरी बुडवून आपली सही केली होती.

म्हणून टिळकांचे मोठेपण उणे होत नाही. परकीय सत्तेपुढे ताठ उभे राहायला त्यांनीच सामान्य माणसाला शिकवले. पण वारसा म्हणजे केवळ ठेव नव्हे, त्यात देणेही येते. त्यांच्या नावाच्या सभागृहांत बसणाऱ्या आपण वारसांनी ती राहिलेली सही करायला हवी. आणि ती कागदावर करून भागणार नाही.