बॅटरीशिवायची खेळणी आणि ताराबाई मोडक

मागच्या महिन्यात मी चेंबूर स्टेशनबाहेरून भाचीसाठी अक्षरं बोलणारं खेळणं घेतलं. आत काय, तर एक चिप, त्यात साठवलेले आवाज, बटणं आणि स्पीकर. दोन दिवसांत ती सगळी बटणं एकदम दाबून नाचायला लागली. अक्षर एकही आलं नाही! पैसे वाया गेले म्हणून चिडून मी वाचायला बसलो आणि ताराबाई मोडक सापडल्या.

जन्म १८९२, मुंबई. माहेरच्या केळकर. १९१४ साली पदवीधर झाल्या. लग्न टिकलं नाही, मग राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात नोकरी. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धत चालायची. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या जाडीचे दट्टे बसवायचे. एक चुकला की शेवटचा बसतच नाही. म्हणजे चूक खेळणंच दाखवतं, तेही बॅटरीशिवाय. १९७८ साली अमेरिकेत आलेलं ‘स्पीक अँड स्पेल’ हेच चिपवर करायचं: शब्द उच्चारायचं, मुलाने स्पेलिंग दाबेपर्यंत थांबायचं, मग चूक की बरोबर ते सांगायचं. माझं खेळणं थांबतच नाही, नुसतं ओरडतं.

१९३६ नंतर ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं. पण खरी गंमत पुढे आहे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथल्या गरीब मुलांसाठी महागडे संच कुठून आणणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य झालं. मोजायलाही तेच, आकार ओळखायलाही तेच. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं नाव इथलंच.

१९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा कुरणात भरायची. धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर. सोबत अनुताई वाघ होत्याच. १९६२ ला पद्मभूषण मिळालं, १९७३ साली ताराबाई गेल्या.

परवा आईने चिंचोके धुऊन वाळवले. भाची ते पाच-पाचचे ढीग करून मांडते, चुकलं की स्वतःच मोडते. खेळण्याच्या बॅटऱ्या सध्या टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत.