पंडिता रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. बालपणी त्या आईजवळ संस्कृत शिकल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथील स्त्रियांचे शिक्षण व संघटना पाहून त्यांना आनंद झाला. विधवांच्या शाळेसाठी अमेरिकन लोकांनी त्यांना द्रव्यसाहाय्यही दिले. तथापि उपकारांनी त्यांची लेखणी मिंधी झाली नाही. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी तेथील गुणांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तसाच कृष्णवर्णीयांचा तिरस्कार आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायही निर्भीडपणे मांडला. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी शारदासदन काढले. पुढे ते कर्जतजवळच्या बोरघाटापलीकडे, पुण्यास गेले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. परक्यांचे गुण घ्यावेत, पण त्यांच्या दोषांकडे डोळेझाक करू नये, हाच त्यांच्या ग्रंथाचा बोध होय.