विल्मा रुडॉल्फ : तीन सुवर्णपदके आणि एक मिरवणूक

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल नावाचे एक गाव आहे. त्या परिसरात २३ जून १९४० रोजी विल्मा रुडॉल्फ यांचा एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म झाला. वडील रेल्वेत हमाली करीत, आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करीत असे. वडिलांच्या दोन विवाहांतील बावीस अपत्यांपैकी विल्मा विसाव्या. मुदतीपूर्वी जन्मलेल्या या बालिकेचे वजन जेमतेम दोन किलो होते. पुढे बालपणीच पोलिओने गाठले आणि डाव्या पायातील बळ गेले.

गावात कृष्णवर्णीयांसाठी उपचारांची पुरेशी सोय नव्हती. म्हणून आई दर आठवड्याला लेकीला घेऊन सुमारे ८० किलोमीटर दूर नॅशव्हिल येथील मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात जाई. बसमध्ये पुढची आसने गोऱ्यांसाठी राखीव; मायलेकींनी मागे बसावयाचे. घरी आई व भावंडे पाळीपाळीने दिवसातून चार वेळा तो पाय चोळून देत. काही वर्षे पायाला कॅलिपर होता, नंतर विशेष बूट आला. बाराव्या वर्षाच्या सुमारास विल्मा कोणत्याही आधाराशिवाय चालू लागल्या.

शाळेत त्या बास्केटबॉल खेळू लागल्या. तेथे टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांनी त्यांचा वेग हेरला आणि त्यांना आपल्या धावपटूंबरोबर सरावास बोलावले. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोळा वर्षांच्या विल्मा यांनी रिले शर्यतीत कांस्यपदक मिळविले. १९५८ साली त्या आई झाल्या. कुटुंबीयांनी बाळाचा सांभाळ केला, म्हणून शिक्षण व सराव दोन्ही चालू राहिले.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १०० मीटर अंतर ११ सेकंदांत आणि २०० मीटर अंतर २४ सेकंदांत पार करून दोन सुवर्णपदके जिंकली. चार बाय शंभर मीटर रिलेत अखेरच्या टप्प्यावर बॅटन हाती घेताना गडबड झाली आणि जर्मन संघ पुढे गेला. विल्मा यांनी ते अंतर भरून काढून तिसरे सुवर्ण मिळविले. त्या संघातील चौघीही टेनेसी स्टेटच्याच विद्यार्थिनी होत्या. एकाच ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळविणारी ही पहिली अमेरिकन स्त्री.

आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी शर्यत यानंतरची आहे. गावाने त्यांच्या स्वागताचा बेत आखला. त्या काळी तेथे अशा समारंभांत गोरे व काळे वेगवेगळे बसत. ज्या गावाने आपल्याला बसच्या मागच्या आसनावर बसविले, त्या गावाचे हार मुकाट्याने स्वीकारणे विल्मा यांना मान्य नव्हते. सर्वांना एकत्र येता येणार नसेल तर आपण समारंभास येणार नाही, असे त्यांनी कळविले. गावाला नमते घ्यावे लागले. ती मिरवणूक व ते स्नेहभोजन हे क्लार्क्सव्हिलच्या इतिहासातील वर्णभेदाविना पार पडलेले पहिले सार्वजनिक समारंभ ठरले. १९६३ साली गावातील एक उपाहारगृह सर्वांना खुले व्हावे म्हणून झालेल्या निदर्शनांतही त्या उभ्या राहिल्या.

१९६२ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी शर्यतींतून निवृत्ती घेतली. त्या काळी हौशी धावपटूंना शर्यतींतून पैसा मिळत नसे. १९६३ साली पदवी घेऊन त्या आपल्याच गावी शिक्षिका झाल्या. १९८१ साली गरीब वस्त्यांतील मुलांना क्रीडाप्रशिक्षण देण्यासाठी त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापिले. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आपणा प्रत्येकाच्या यशामागेही असेच अनेक हात आहेत : मजुरी करून फी भरणारे, आजारपणात उशाशी बसणारे. विल्मा यांनी ते हात स्मरणात ठेवले, आणि गावाने मान दिला त्या दिवशी त्या हातांनाही आपल्या पंक्तीस बसविले. आपल्यापैकी ज्यांना मान मिळाला आहे, त्यांनी आपल्या पंक्तीकडे एकदा पाहावे, एवढेच आम्हांला सुचवावयाचे आहे.