बाजीराव रोडवरचा राजा

पुण्याची ट्रिप म्हणजे आमच्यासाठी तीन आठवड्यांत तीस घरची जेवणं, बँकेची कामं, दाताचा डॉक्टर आणि निघताना बॅगांचं वजन. मागच्या खेपेला त्यात आणखी एक काम होतं. आमचा जुना वाडा बिल्डरकडे चालला होता आणि माळा रिकामा करायचा होता. आजीचे पितळी डबे, समई, एक दौत, एक अडकित्ता. मीच बाबांना म्हटलं, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे, मोडीत देऊन टाका. बाबा काही बोलले नाहीत. काट्यावर वजन झालं, पैसे हातात आले, प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी मुलीला दाखवायला म्हणून राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो आणि काचेआड अडकित्त्यांची रांगच्या रांग बघून पोटात खड्डा पडला.

शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की हे केळकर कुठल्यातरी संस्थानचे राजे असणार. तुमच्यापैकीही अनेकांना तसंच वाटलं असेल. खरं तर राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच, सात वर्षांचा असताना गेला. बापाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंना त्याचं नाव दिलं. या वेळी माझ्या शेजारी माझी आठ वर्षांची मुलगी उभी होती. पाटीवरचं ते नाव मला नीट वाचवेना.

दिनकर गंगाधर केळकरांचा जन्म १८९६ चा. धंदा चष्म्यांचा, ओढा कवितेचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते लिहीत. इतिहासाचीही आवड होती आणि त्या नादात जुन्या घराण्यांच्या वाड्यांत जाणं-येणं सुरू झालं. १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षं ते वेड काही सुटलं नाही. पत्नी कमलाबाई या सगळ्यात बरोबर होत्या. घरात माणसांपेक्षा भांडी जास्त, असा संसार त्या माउलीने कसा केला असेल, हे आमच्या घरात विचारून बघायची माझी हिंमत नाही!

वस्तू जमवणारे पुष्कळ असतात. पण राजेमहाराजे तलवारी आणि जडजवाहीर जमवत असताना या माणसाने काय जमवलं? दिवे, कुलपं, फण्या, दौती, गंजिफा, वाद्यं, चित्रकथी, दरवाजे. आणि वजऱ्या. टाच घासायची वजरी ही न्हाणीघरातली चीज, तिच्याकडे कोण बघतो? पण खालचा भाग खरखरीत करून झाल्यावर कुणा ओतारीला वर एक पक्षी बसवावासा वाटला. अडकित्त्याचं तेच. सुपारी फोडायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. तरी कोणी त्याचं जोडपं केलं, कोणी पोपट, कोणी घोडा. आमच्या कामात अशा गोष्टीला रिक्वायरमेंटमध्ये नसलेलं फीचर म्हणतात आणि ते काढून टाकायला सांगतात.

या वस्तू कोणी पळवल्या नाहीत. घरात वीज आली, दिवे माळ्यावर गेले. स्टील आलं आणि कल्हईची कटकट संपली म्हणून आपल्याच आज्या खूश झाल्या. त्यांना दोष कसा द्यायचा? फक्त पितळ मोडीत गेलं तसं ते घडवणाऱ्याचं कामही गेलं.

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर उभं राहिलं. कोथरूडचा मस्तानीचा महाल तर केळकरांनी उचलून आत आणून बसवला. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांच्या आसपास, त्यातल्या मांडायला जागा आहे ती थोड्यांनाच. १९९० मध्ये केळकर गेले.

मला एक गोष्ट मात्र खटकते. वस्तू राहिल्या, पण बहुतेकांवर घडवणाऱ्याचं नाव नाही. हा दोष केळकरांचा नव्हे, कारागिराचं नाव लिहायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. आणि संग्रहालय वस्तू राखतं, हात राखू शकत नाही. हात बघायचे तर कसब्यात तांबट आळीला जावं लागतं. पेशवाईत कोकणातून आलेली ही मंडळी, आता थोडीच घरं तांब्यावर मठारकाम करतात. आम्ही गेलो तेव्हा एका दारात ठोके चालू होते. मुलगी कानावर हात ठेवून अर्धा तास बघत बसली.

तिथून मी थेट मोडवाल्याकडे गेलो. समई, डबे, दौत सगळं सकाळीच भट्टीला रवाना झालं होतं. अडकित्ता तेवढा कोपऱ्यात पडला होता. पात्याला लोखंड असतं, ते वेगळं केल्याशिवाय पितळ वितळवता येत नाही, म्हणून तो बाजूला टाकलेला. मोडवाल्याने माझा चेहरा बघून विकला त्याच्या चौपट पैसे घेतले. मी मुकाट्याने दिले. बाबांना दाखवला तर त्यांनी तो उघडून मिटून पाहिला आणि खिळीला तेलाचा थेंब सोडला.

आता तो इथे आमच्या किचनच्या खणात आहे. सुपारी मात्र इंडियन स्टोअरमध्ये कातरलेलीच मिळते.